गेम न अडकवता लांबलचक काम अनेक फ्रेममध्ये वाटून कसं करायचं

माझा भाचा बहिणीच्या जुन्या फोनवर मी बनवत असलेला गेम खेळत होता. डोंगरी किल्ल्याचा गेम आहे. तट बांधायचा, दरवाजे राखायचे, आणि खालून फौज चढून येते. त्यानं तटाचा एक तुकडा ठेवला, पडद्यावर काहीच हललं नाही, म्हणून पुन्हा बोट टेकवलं. मग एकदम दोन तुकडे उभे राहिले आणि दुसऱ्यानं त्याच्याच शिबंदीची वाट बंद झाली. "मामा, पहिलं लागलंच नव्हतं ना?" लागलं होतं. त्या क्षणी गेम गणितात गुंतलेला होता. दुसऱ्यांदा टेकलेलं बोट रांगेत थांबून गणित संपल्यावर पोचलं.

गणित असं: तट बदलला की नकाशावरच्या प्रत्येक घरापासून (म्हणजे चौकोनापासून) जवळच्या दरवाज्यापर्यंतचं अंतर नव्यानं काढायचं, म्हणजे प्रत्येक सैनिकाला पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळतं. नकाशा ५१२ × ५१२, म्हणजे २,६२,१४४ घरं. प्रत्येक घराचे चार शेजारी तपासायचे, म्हणजे दहा लाखांच्या वर तपासण्या. माझ्या लॅपटॉपवर याला जेमतेम ३० मिलिसेकंद लागायचे आणि मला कधी जाणवलंच नाही. त्या फोनवर ३०० लागत होते. हे काम मी अनेक फ्रेममध्ये (पडद्यावर एकामागून एक येणारं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम) कसं वाटलं ते इथे पायरीपायरीनं लिहितो. उदाहरण माझ्या गेमचं असलं तरी नकाशा तयार करणं, वाट शोधणं, सेव्ह फाइल वाचणं, शेकडो झाडं उभी करणं, या सगळ्याला हीच रीत लागू पडते.

आधी हिशेब

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमना ३३.३३, १२० ला ८.३३. एवढ्या वेळात इनपुट, ॲनिमेशन, फिजिक्स, आवाज आणि चित्र काढणं सगळं बसवायचं असतं. मोबाइलवर आपल्या जादा कामासाठी फ्रेममागे २ ते ४ मिलिसेकंद मोकळे मिळाले तरी पुष्कळ. मी ३ धरले. ३०० मिलिसेकंदांचं काम ३-३ नं वाटलं तर १०० फ्रेम लागतील, म्हणजे साधारण पावणेदोन सेकंद. हा आकडा कामाला हात घालण्याआधीच काढा. एवढा उशीर खेळाडूला चालणार आहे का, या प्रश्नावर पुढची सगळी रचना ठरते.

मोजमाप खऱ्या फोनवर, रिलीजच्या जवळ जाणाऱ्या बिल्डवर, प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं साधन) जोडून करा. एडिटरमधले आकडे एडिटरचा स्वतःचा भार धरून येतात. आणि सरासरी एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम, या आकड्यावर) विसंबू नका. एका सेकंदात एकच फ्रेम ३०० मिलिसेकंदांची निघाली तरी सरासरी चाळिशीत दिसते, पण खेळाडूला झटका बसतो तो बसतोच. सगळ्यात लांब फ्रेम किती वेळाची, ते बघा.

आणखी एक प्रश्न इथेच विचारून घ्या: हे काम इतक्या वेळा करायला हवं का? माझा गेम बोट ओढत तट बांधताना प्रत्येक घरावर नव्यानं गणित करत होता. बोट उचलल्यावर एकदाच करायला लावलं आणि अर्धी तक्रार तिथेच मिटली.

तुकडे करायचे की वेगळा थ्रेड?

थ्रेड म्हणजे बाकीच्या कामाला समांतर चालणारी वेगळी धार. कोरूटीन म्हणजे थ्रेड नव्हे. युनिटी या गेम इंजिनातली कोरूटीन मेन थ्रेडवरच, म्हणजे गेमच्या मुख्य धारेवरच चालते. ती मधेमधे थांबते आणि पुढच्या फ्रेमला तिथूनच सुरू होते, इतकंच. तिच्यात ३०० मिलिसेकंदांचा सलग लूप टाकला तर गेम पूर्वीइतकाच अडकतो. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ मी याच गैरसमजात गेलेला पाहिला आहे.

कामाला सीनमधल्या वस्तू लागत असतील, म्हणजे झाडं उभी करायची, नोड जोडायचे, मेश बदलायचा, तर ते मेन थ्रेडवर तुकड्यांनीच करा. युनिटीचं बहुतेक एपीआय (इंजिनानं दिलेली फंक्शनं) मेन थ्रेडबाहेरून चालत नाही, आणि गोडॉट या दुसऱ्या इंजिनाचं सीन ट्री, म्हणजे सीनमधल्या वस्तूंची रचना, थ्रेडसाठी सुरक्षित नाही. काम निव्वळ आकड्यांचं असेल तर वेगळा थ्रेड चांगला: गोडॉट ४ मध्ये वर्कर थ्रेड पूल आहे, युनिटीत जॉब सिस्टीम. पण गेम ब्राउझरमध्ये चालवायचा असेल तर थांबा. युनिटीच्या वेब बिल्डमध्ये सी शार्पचे (युनिटीच्या कोडच्या भाषेचे) थ्रेड मिळत नाहीत. गोडॉटनं ४.३ मध्ये थ्रेडशिवायची वेब एक्स्पोर्ट परत आणली, कारण थ्रेड वापरायचे तर सर्व्हरवर खास हेडर लावावे लागतात आणि ते सगळीकडे जमत नाही. मला वेबवरही गेम हवा होता, म्हणून मी तुकडे निवडले.

काम अर्धवट सोडता येईल असं लिहा

मधेच थांबून पुढे चालू करायचं तर आपण कुठवर आलो हे कामाला लक्षात ठेवता आलं पाहिजे. फंक्शन स्वतःलाच हाक मारत खोल जात असेल तर त्याची सगळी स्थिती कॉल स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या थप्पीवर) असते आणि ती मधेच बाजूला ठेवता येत नाही. ते मोडून स्पष्ट रांग करा. माझ्या कामाचा गाभा असा आहे:

    काम_पुढे_ने(मुदत):
        मोजणी = ०
        रांग रिकामी होईपर्यंत:
            घर = रांगेतलं_पहिलं_काढ()
            घराच्या प्रत्येक शेजाऱ्यासाठी:
                शेजारी तट असेल, किंवा त्याचं अंतर भरलेलं असेल, तर पुढचा घे
                नवा_नकाशा[शेजारी] = नवा_नकाशा[घर] + १
                रांगेत_टाक(शेजारी)
            मोजणी = मोजणी + १
            मोजणीला ६४ नं भाग जातो आणि घड्याळ() >= मुदत, तर परत जा "अपुरं"
        परत जा "पूर्ण"

सुरुवातीला सगळे दरवाजे अंतर ० लावून रांगेत टाकायचे. रांग आणि नवा_नकाशा दोन्ही फंक्शनच्या बाहेर, कामाच्या ऑब्जेक्टमध्ये राहतात. म्हणूनच पुढच्या फ्रेमला हेच फंक्शन पुन्हा बोलावलं की काम सोडलं तिथून चालू होतं. दोन्हींची जागा एकदाच घेऊन ठेवा. दर वेळी नवा ॲरे मागितलात तर झटका गणिताऐवजी वापरून झालेली मेमरी आवरणाऱ्या गार्बेज कलेक्टरकडून येईल.

तुकडा वेळेनं कापा, संख्येनं नको

"दर फ्रेमला ५,००० घरं" असा आकडा ठरवायचा मोह सगळ्यांनाच होतो. मीही तेच केलं होतं. लॅपटॉपवर ५,००० घरं चुटकीसरशी होतात आणि काम विनाकारण ५३ फ्रेम रेंगाळतं. त्या फोनवर त्याच ५,००० घरांना जवळपास ६ मिलिसेकंद लागतात आणि फ्रेम चुकते. एकच आकडा दोन्हीकडे चूक. वेळ ठरवून दिली की वेगवान मशीन एका फ्रेममध्ये जास्त घरं उरकतं, धिमं कमी उरकतं, आणि फ्रेम दोन्हीकडे सांभाळली जाते.

घड्याळ कोणतं वापरता याकडे नीट लक्ष द्या, कारण इथली एक चूक सगळी मेहनत वाया घालवते आणि गेम पहिल्यासारखाच अडकतो. युनिटीतलं टाइम डॉट टाइम एका फ्रेममध्ये बदलतच नाही. फ्रेमच्या सुरुवातीची वेळ शेवटपर्यंत तीच दाखवतं. त्यावर मुदत तपासली तर मुदत कधीच संपत नाही आणि सगळं काम एकाच फ्रेममध्ये उरकलं जातं. गोडॉटच्या डेल्टाचंही (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेचंही) तसंच. युनिटीत स्टॉपवॉच वापरा, गोडॉटमध्ये मायक्रोसेकंद देणारं टाइम डॉट गेट टिक्स युसेक.

युनिटीतलं रिअलटाइम सिन्स स्टार्टअप हे घड्याळ फ्रेमच्या आतही पुढे सरकतं, पण ते फ्लोट, म्हणजे मर्यादित अचूकतेची दशांश संख्या आहे. फ्लोटमध्ये २४ बिटांची अचूकता असते. गेम सुरू होऊन १६,३८४ सेकंद झाले, म्हणजे सुमारे साडेचार तास, की त्याचं सगळ्यात छोटं पाऊल जवळपास २ मिलिसेकंदांचं होतं. ३ मिलिसेकंदांची मुदत २-२ च्या पावलांनी मोजणं म्हणजे अंदाजपंचे. फोनवर एवढा वेळ सलग कुणी खेळणार नाही, पण दुकानात किंवा प्रदर्शनात दिवसभर चालू ठेवलेल्या गेममध्ये हा बग दुपारनंतर डोकं वर काढतो आणि शोधणाऱ्याला रडवतो. याचंच डबल (जास्त अचूकतेच्या) प्रकारातलं रूप युनिटी २०२०.२ पासून आहे, ते घ्या.

वर मी ६४ घरांमागे एकदाच घड्याळ पाहतो. घड्याळ विचारायलाही वेळ लागतो, आणि एका घराचं काम इतकं छोटं असतं की दर घराला विचारलं तर विचारण्याचाच खर्च वाढेल. याउलट तुमचं एक पाऊल जड असेल, जसं एक अख्खं झाड उभं करणं, तर प्रत्येक पावलानंतर विचारा. पाऊलच ८ मिलिसेकंदांचं असेल तर ३ च्या मुदतीला अर्थ उरत नाही. आधी ते पाऊल बारीक करावं लागेल.

वेळ वाटणारा एकच कारभारी ठेवा

युनिटीत कोरूटीनमध्ये यील्ड रिटर्न नल, गोडॉटमध्ये ट्रीच्या प्रोसेस फ्रेम सिग्नलवर अवेट, असं लिहिलं की काम पुढच्या फ्रेमवर ढकललं जातं. एकच काम असेल तर एवढं पुरतं. पण गेम वाढतो. वाटांचं गणित, धुक्याचा नकाशा, शत्रूची आखणी, सेव्ह करणं, अशी पाच कामं पाच कोरूटीनमध्ये प्रत्येकी ३ मिलिसेकंद घेऊ लागली की १५ झाले, आणि फ्रेम गेली. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाण्यासारखाच वागत असतो.

म्हणून वेळ वाटण्याचं काम एकाच ठिकाणी ठेवा. माझ्या कोडमध्ये त्याला कारभारी असंच नाव आहे. फ्रेमला एकदा तो उठतो, आत्ताच्या वेळेत ३ मिलिसेकंद मिळवून मुदत काढतो आणि यादीतल्या कामांना ती मुदत देत जातो. काम "पूर्ण" म्हणालं की यादीतून काढतो. दर फ्रेमला सुरुवात वेगळ्या कामापासून करतो, नाहीतर यादीतलं पहिलं काम सगळी मुदत खातं आणि शेवटचं उपाशी राहतं.

कारभाऱ्याला फिक्स्ड अपडेटमध्ये (ठराविक अंतरानं चालणाऱ्या फंक्शनमध्ये) बसवू नका. युनिटीत त्याचा ठोका मुळात ०.०२ सेकंदांचा असतो, आणि गेम मागे पडला की राहिलेली बाकी भरून काढायला इंजिन ते एका फ्रेममध्ये अनेकदा चालवतं. म्हणजे गेम आधीच दमलेला असताना तुमचे ३ मिलिसेकंद दुप्पट-तिप्पट होतात.

मुदत एका चलात ठेवल्याचा फायदा लोडिंगच्या पडद्यावर दिसतो. तिथे फक्त एक चक्र फिरत असतं, मग ३ ऐवजी १२ मिलिसेकंद द्या, काम चौपट वेगानं संपेल. युनिटीचं स्वतःचं लोडिंगही असंच चालतं: बॅकग्राउंड लोडिंग प्रायॉरिटी लो असेल तर फ्रेममागे २ मिलिसेकंद, बिलो नॉर्मलला ४, नॉर्मलला १० आणि हायला ५०. खेळ चालू असताना पुढचा भाग आणायचा असेल तर लो, काळ्या पडद्यामागे आणायचा असेल तर हाय. लोडिंग आहे म्हणून सगळं एकदम उरकायला मात्र जाऊ नका. अँड्रॉइडवर बोटाच्या स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद मिळाला नाही तर "ॲप प्रतिसाद देत नाही" अशी पाटी येते, आणि लोक सरळ ॲप बंद करतात.

खरी अवघड जागा: काम चालू असताना जग बदलतं

तुकडे करणं एका संध्याकाळी जमतं. माझे दोन आठवडे गेले ते यात. काम १०० फ्रेम चालणार, आणि त्या काळात खेळाडू हात बांधून बसणार नाही.

पहिलं: अर्धा झालेला नकाशा कुणालाही दिसू देऊ नका. सुरुवातीला माझं काम चालू नकाशावरच नवे आकडे लिहीत होतं. नकाशाच्या एका बाजूला नवी अंतरं, दुसऱ्या बाजूला जुनी. त्या सीमेवर आलेले सैनिक दोन घरांमध्ये पुढे-मागे नाचत राहायचे, आणि गणित संपलं की आपोआप सरळ चालू लागायचे. दोन नकाशे ठेवा. सैनिक जुना वाचतात, काम नवा भरतं, आणि "पूर्ण" झाल्यावर एकाच फ्रेममध्ये दोघांची अदलाबदल. अदलाबदलीला दोन संदर्भ बदलण्याइतकाच खर्च येतो.

दुसरं: कामानं तटाचा चालू नकाशाही वाचू नये. चाळिसाव्या फ्रेमला तट बदलला तर निम्मं उत्तर एका जगाचं आणि निम्मं दुसऱ्या जगाचं निघतं. काम सुरू करताना तटाची प्रत काढून घ्या. एका घराला एक बाइट धरला तर अख्खी प्रत २५६ किलोबाइटची. ती एका दमात, मुदतीच्या कितीतरी आत होते.

तिसरं: मधेच नवा तट आला तर चालू काम टाकून पहिल्यापासून सुरू करायचं का? मला तेच बरोबर वाटलं होतं. भाच्यानं दर सेकंदाला एक तुकडा लावायला घेतला आणि पावणेदोन सेकंदांचं काम एकदाही पूर्ण होईना. सैनिक दोन मिनिटं जुन्याच नकाशावर चालत होते. आता मी चालू काम पूर्ण होऊ देतो, त्याचं थोडं शिळं उत्तर लागू करतो, आणि लगेच ताज्या प्रतीवर पुढचं सुरू करतो. मधल्या काळात कितीही बदल झाले तरी बाकी राहिलेलं काम एकच:

    तट_बदलला():
        जगाची_आवृत्ती = जगाची_आवृत्ती + १
        काम चालू नसेल तर काम_सुरू_कर()

    काम_सुरू_कर():
        कामाची_आवृत्ती = जगाची_आवृत्ती
        तटाची प्रत काढ, नवा_नकाशा पूस, दरवाजे रांगेत टाक

    काम_पूर्ण_झालं():
        नकाशांची अदलाबदल कर
        कामाची_आवृत्ती < जगाची_आवृत्ती असेल तर काम_सुरू_कर()

चौथं: सैनिक शिळ्या नकाशावर चालणार हे एकदा मान्य केलं की त्याची जबाबदारीही घ्यावी लागते. नकाशा म्हणेल पुढच्या घरात जा, आणि तिथे तर आत्ताच तट उभा राहिला आहे. म्हणून पाऊल टाकण्याआधी सैनिक ते एकच घर तटाच्या चालू नकाशात तपासतो. अडलेलं असेल तर जागीच थांबून इकडेतिकडे पाहण्याचं ॲनिमेशन दाखवतो, नवा नकाशा येईपर्यंत. लांबची दिशा शिळी चालते, पायाखालचं घर ताजंच लागतं. एवढ्यानं पावणेदोन सेकंदांचा उशीर खेळाडूला उशीर वाटेनासा झाला. वाट बंद झालेली पाहून शत्रू गोंधळला, असंच तो समजतो.

दोन-चार जण नेटवर्कवर मिळून खेळणार असतील आणि प्रत्येकाचं मशीन तेच गणित स्वतंत्रपणे करणार असेल, तर वेळेनं कापण्याचा नियम थेट चालणार नाही. एकाचं काम विसाव्या फ्रेमला संपेल, दुसऱ्याचं नव्वदाव्या, आणि दोघांचे सैनिक वेगळ्या वाटांनी जातील. अशा वेळी उत्तर कधीही तयार होवो, ते लागू करायचा ठोका आधीच ठरवून ठेवा, उदाहरणार्थ काम सुरू झाल्यापासून १५० वा. कुणाचं तोवर झालं नसेल तर त्यानं तिथे थांबून पुरं करायचं. तुकडे संख्येनं कापणं योग्य ठरतं तेही इथेच.

थांबवणं आणि आवरणं

सीन बदलला की चालू कामाचं काय होतं, हे स्वतः करून बघा. युनिटीत गेम ऑब्जेक्ट सेट ॲक्टिव्ह फॉल्सनं बंद केला की त्याच्या कोरूटीन संपतात, आणि पुन्हा चालू केल्यावर त्या परत सुरू होत नाहीत. नुसती स्क्रिप्ट डिसेबल केली तर मात्र चालूच राहतात. म्हणून कारभारी कधीही बंद न होणाऱ्या ऑब्जेक्टवर ठेवा. कोरूटीनमध्ये एरर आली तर ती तिथेच संपते आणि "काम चालू आहे" ही खूण तशीच अडकून राहते. सी शार्पमध्ये कॅच असलेल्या ट्रायच्या आत यील्ड रिटर्न लिहिता येत नाही, त्यामुळे ट्राय-कॅच कारभाऱ्यात, कामाला बोलावण्याच्या ओळीभोवती घाला. गोडॉटमध्ये अवेटनंतरच्या पहिल्याच ओळीत, ज्या नोडला हात लावणार तो अजून जिवंत आहे का, ते तपासा. त्या एका फ्रेममध्ये तो काढून टाकलेला असू शकतो.

थ्रेडची वाट धरली तरी प्रत, आवृत्ती आणि अदलाबदल हे तिन्ही तसंच लागतं. युनिटीच्या जॉबबद्दल दोनच गोष्टी सांगतो. जॉब लावून त्याच फ्रेममध्ये कम्प्लीट बोलावलं तर मेन थ्रेड वाट पाहत बसतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. आणि अनेक फ्रेम चालणाऱ्या कामाला टेम्प जॉब प्रकारची मेमरी देऊ नका. ती ४ फ्रेमच्या आत परत करायची असते. पर्सिस्टंट घ्या आणि आठवणीनं मोकळी करा.

तपासणी

मुदत ०.१ मिलिसेकंद करून गेम खेळा. काम आता हजारो फ्रेम चालेल आणि शिळेपणाचे सगळे बग डोळ्यांसमोर संथपणे उलगडतील. मला नाचणारे सैनिक असेच सापडले. मग मुदत १,००० करा. काम एकाच फ्रेममध्ये संपेल. तीच तटबंदी ठेवून दोन्हींचे अंतिम नकाशे घराघरानं ताडून पहा. एक जरी आकडा वेगळा आला तर काम कुठेतरी चालू जगातून वाचतंय असं समजा. काम चालू असताना सीन बदला, गेम पॉज करा, फोन आल्यासारखं ॲप मागे टाकून परत या.

शेवटी जो सगळ्यात स्वस्त फोन हाताशी असेल त्यावर वीस मिनिटं सलग खेळा, आणि तेव्हा फ्रेमचा वेळ मोजा. फोन तापला की प्रोसेसर वेग कमी करतो. गार फोनवर ३ मिलिसेकंद आरामात मोकळे होते, तापलेल्यावर माझ्याकडे २ सुद्धा उरत नव्हते. आता माझी मुदत दीड मिलिसेकंद आहे, काम सव्वातीन सेकंद चालतं, आणि तटाचा तुकडा बोट उचलताच उभा राहतो.